साडेबारा रुपयांची खोली

यंदाच्या ऑगस्टातली गोष्ट. दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' शिकवीत होते. पुस्तक १९५८ सालचे. आजच्या मुलांना त्यातली माणसे चटकन ओळखू येतात, पण जागा ओळखू येत नाही. सामाईक नळ म्हणजे काय, मोरी म्हणजे काय, एका गॅलरीतले भांडण दुसऱ्या गॅलरीत कसे जाते, हे सारे आधी सांगावे लागते. मग हसू येते. तास संपायला पाच मिनिटे उरली असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो तोंड उघडत नाही. नालासोपाऱ्याहून पहाटेच्या गाडीने येतो आणि डोळे उघडे ठेवण्यातच त्याची निम्मी शक्ती खर्च होते. म्हणाला, "मॅडम, ही सगळी माणसं भाडेकरूच ना? मग मालक यांना काढत कसा नाही? आम्हाला तर अकरा महिने झाले की काढतात."

वर्ग हसला. मला काही हसता आले नाही. इतकी वर्षे हे पुस्तक शिकवते आहे. विनोद झाला, उपहास झाला, मध्यमवर्गाचे चित्रण झाले, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता, आणि टीकाकारांनाही सुचलेला पाहिला नाही. वास्तविक सारी गंमत त्यावरच उभी आहे. ती माणसे एकमेकांना कितीही कंटाळली तरी उठून जाऊ शकत नाहीत, आणि त्यांना कोणी उठवूही शकत नाही. का, याचे उत्तर वाङ्मयाच्या इतिहासात सापडायचे नाही. ते कायद्याच्या पुस्तकात आहे.

"पुढच्या तासाला सांगते," म्हणून मी सुटका करून घेतली. पुढच्या तासाला सांगितलेही, पण अर्धेच. उरलेले अर्धे माझ्या घरचे आहे. वर्गात ते सांगणे बरे दिसले नसते. या सदराच्या वाचकांशी मात्र तेवढी ओळख आहे.

माझे आजोबा, म्हणजे वडिलांचे वडील, गिरगावात एका छापखान्यात खिळे जुळवीत. १९३८ साली लग्न झाल्यावर त्यांनी जवळच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर खोली घेतली. सगळी मिळून जागा एकशे ऐंशी चौरस फूट, पुढे सामाईक गॅलरी, संडास मजल्याच्या टोकाला. भाडे महिना साडेबारा रुपये. आजी सांगे की त्या दिवसांत जिन्याशी 'जागा भाड्याने देणे आहे' अशी पाटी असे, आणि चांगले बिऱ्हाड मिळावे म्हणून मालक चुनाही काढून देई. लहानपणी आम्हाला ही आजीची एखादी कहाणीच वाटायची.

पुढच्या वर्षी लढाई सुरू झाली. मुंबईत माणसांचा लोंढा आला, सिमेंट-लोखंड मिळेनासे झाले, बांधकामे थांबली आणि भाडी चढू लागली. सरकारला हा प्रसंग नवा नव्हता. पहिल्या महायुद्धात, १९१८ सालीच, मुंबईत भाड्यावर बंधन घालणारा कायदा झाला होता आणि गरज सरल्यावर तो मावळलाही होता. दुसऱ्या लढाईतही तसेच तात्पुरते कायदे निघाले. १९४७ साली त्या सगळ्यांना एकत्र बांधून मुंबई प्रांताचा भाडेनियंत्रणाचा कायदा आला. त्याचा अंमल १३ फेब्रुवारी १९४८ रोजी सुरू झाला. फाळणीने बेघर झालेली माणसे शहरात येत होती, त्या वेळची ही गोष्ट. कायद्याने म्हटले, १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते तेच प्रमाण भाडे. ते जो देत राहील त्याला, ठरलेली काही कारणे सोडली तर, मालकाने काढायचे नाही. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे तो हक्क जाईल. तसे कोणी नसेल तर वारसाकडे जाईल.

या कायद्याला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आजोबांच्या पगारात चार मुले शिकली ती साडेबारा रुपयांच्या जोरावर. वडिलांची नोकरी मध्ये दीड वर्ष गेली होती. त्या दीड वर्षात आमच्या घरात काय काय विकले गेले ते मी येथे सांगत नाही, पण डोक्यावरचे छप्पर गेले नाही. माझ्या एम. ए.च्या पदवीवर विद्यापीठाचा शिक्का आहे. न्यायाने पाहिले तर त्याच्या शेजारी चाळमालकाचाही असायला हवा होता.

पण कायदा होता तात्पुरता. मुदत संपत आली की ती वाढवायची, पुन्हा संपत आली की पुन्हा वाढवायची, असे पन्नास वर्षे चालले. वर थोडीफार वाढ आणि कर चढले, पण मुळाशी तारीख राहिली तीच, १ सप्टेंबर १९४०. आजोबांचा पगार वाढला, वडिलांचा वाढला, माझा तर वेतन आयोगांनी वाढवला. दूध वाढले, रॉकेल वाढले, शाळेची फी वाढली. चाळीला रंग लावणाऱ्या गवंड्याची मजुरीही वाढली. खोलीचे भाडे मात्र जागच्या जागी. मग गवंडी येईनासा झाला, हे ओघानेच आले.

समोरच्या दाराने जे बंद झाले ते मागच्या दाराने आत आले. खोली सोडणारा भाडेकरू जागा फुकट सोडीना आणि नवा भाडेकरू घेताना मालक वर काही तरी मागे. या वरच्या पैशाला शब्द मिळाला पागडी. भाषेची शिक्षक म्हणून मला या शब्दाचे नेहमी नवल वाटते. डोक्यावरचे मानाचे वस्त्र होते ते. त्याचा अर्थ पावती नसलेला पैसा असा व्हावा! १९४८ पासून पागडी घेणे हा गुन्हा होता आणि ती सारे शहर घेत होते. शेवटी १९९९ च्या कायद्याने ती घेण्याला मोकळीक दिली. बावन्न वर्षे गुन्हा, त्यानंतर रीत.

मालकांनी दुरुस्ती सोडली. पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली सरकारने आणखी एक कायदा केला: दुरुस्तीचे मंडळ नेमले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. तेव्हा मोजणी झाली ती १९,६४२ इमारतींची. आमची चाळ त्यांतल्या 'अ' वर्गातली, म्हणजे १९४० च्या आधीची. माझे बालपण मंडळाने लावलेल्या लाकडी टेकूंच्या आधाराने गेले. लपंडावात आम्ही त्यांच्याआड लपत असू. परवा आईकडे गेले तेव्हा पाहिले, टेकू आता लोखंडी झाले आहेत. एवढी सुधारणा आहे.

आता नालासोपाऱ्याच्या मुलाच्या अकरा महिन्यांकडे वळते. तेही याच कायद्याच्या पोटी जन्मले आहेत, हे मला आमच्या सध्याच्या घरमालकांमुळे कळले.

आम्ही राहतो डोंबिवलीला. 'हे' एका खासगी कंपनीत हिशेब पाहतात, लेक नववीत आहे. गेल्या आठ वर्षांत आमचे नऊ करार आणि चार घरे झाली. पहिल्या घराचे भाडे होते १२,००० रुपये, चालू घराचे २१,०००. शिवाय अनामत रक्कम, दलालाचे एक महिन्याचे भाडे, कराराचा खर्च आणि टेम्पो. प्रत्येक नव्या कराराला दहा टक्के वाढ द्यायची. हे दहा टक्के कुठल्या कायद्यात लिहिलेले नाहीत. पण दलालाला विचारा, तो असा चेहरा करतो की जणू ते मनुस्मृतीत सांगितले आहेत. शिवाय अकरा महिन्यांच्या हिशेबात एक गमतीचा भाग असा की घर बदलण्याचा महिना दर खेपेला एक पाऊल मागे येतो. पहिल्यांदा आम्ही सामान हलवले ते श्रावणात, भर पावसात. मग ती तारीख मागे मागे सरकत मेच्या उन्हात आली, मार्चमध्ये परीक्षांच्या पेपरांवर आली, जानेवारीत हळदीकुंकवावर आली, आणि यंदा दिवाळीला येऊन टेकली आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते म्हणतात. विंचवाला निदान शाळेचा दाखला आणि गॅसचे पुस्तक बदलावे लागत नाही.

आमचे घरमालक निवृत्त गृहस्थ आहेत. स्वभावाने वाईट नाहीत. आंबे आले की दोन आणून देतात. एकदा मी त्यांना विचारले, "काका, तुम्हाला आमचा त्रास नाही, आम्हाला तुमचा नाही. तीन वर्षांचा करार करायला काय हरकत आहे? कायद्याला तो चालतो." ते गप्प झाले. मग म्हणाले, "माझी आत्या दादरला राहायची. विधवा बाई. सत्तर साली तिनं एक खोली एका गृहस्थाला दिली, लीव्ह अँड लायसन्सवर. सहा महिन्यांकरता. तो गेलाच नाही. त्र्याहत्तर साली कायदा झाला आणि तो झाला भाडेकरू. आत्या गेली ती शेवटी स्वयंपाकघरात झोपूनच गेली. मी हे डोळ्यांनी पाहिलंय, बाई. तुमच्यावर अविश्वास नाही माझा."

गोष्ट खरी आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे कोणी अशा परवान्यावर जागेत राहत होते त्यांना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले. हेतू चांगलाच असणार. पण दुसऱ्या दिवसापासून शहाण्या माणसाने घर भाड्याने देणे बंद केले. गाळा विकत घ्यायचा, कुलूप लावायचे आणि चावी देवघरात ठेवायची, ही मुंबईची रीत झाली. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत हे आकडे आहेत: आपल्या शहरांत १९६१ साली शंभरांतली ५४ घरे भाड्याची होती, २०११ साली उरली २८. आणि एकट्या मुंबईत रिकामी घरे ४ लाख ८० हजार. पूर्वी सरकार स्वतः भाड्याच्या चाळी बांधी. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी १९२० नंतरच्या दशकात तशाच झाल्या. आता भाड्याने देण्यासाठी म्हणून घर बांधणारा मला कोणी ठाऊक नाही. सरकार विकते, बिल्डर विकतो, आणि ज्याला विकत घेणे झेपत नाही त्याने कुलपाच्या भोकातून आत पाहावे.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९४० शी बांधलेले भाडे आता न्याय्य राहिलेले नाही. मग १९९९ चा नवा कायदा झाला. तो ३१ मार्च २००० रोजी अमलात आला. जुन्या भाड्यांत वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली. लीव्ह अँड लायसन्सवाल्या मालकाचे भयही या कायद्याने काढले: करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि मुदत संपूनही जो हलणार नाही त्याला दुप्पट दराने पैसे भरावे लागतील. म्हणजे आत्याच्या खोलीला आता धोका उरलेला नाही. पण कायदा बदलला म्हणून माणसाचे डोळे बदलत नाहीत. त्यांनी जे पाहिले ते पाहिले. त्या दादरच्या आत्याचे कर्ज आम्ही डोंबिवलीत फेडतो आहोत.

वर्गात मी येथपर्यंत सांगितले होते.

गिरगावच्या त्या खोलीत आज माझी आई एकटी राहते. वय एकोणऐंशी. वडील गेल्यावर पावती तिच्या नावाने झाली. सगळे कर आणि उपकर धरून महिना २८६ रुपये. मला भाऊ नाही. माझे कॉलेज शहरात, त्यामुळे सकाळचे तास असतात त्या आठवड्यात मी दोन-तीन रात्री तिच्याकडेच झोपते. तिला सोबत होते आणि माझी एक गाडी वाचते. गेली तीन-चार वर्षे हे असेच चालले आहे.

आता चाळीच्या पुनर्बांधणीचे बोलणे सुरू झाले आहे. ज्यांनी हा व्यवहार जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. जुनी चाळ पाडून नवी बांधायची तर निम्म्याहून अधिक भाडेकरूंची, म्हणजे १०० तल्या ५१ जणांची, संमती लागते. ती मिळाली की प्रत्येक भाडेकरूला नव्या इमारतीत निदान ३०० चौरस फुटांचे घर मिळते, आणि तेही मालकीचे. एकशे ऐंशीचे तीनशे होतात, आणि गिरगावात तीनशे फुटांची किंमत कोटीच्या पुढे जाते. म्हणजे आईच्या पेटीत, आजोबांच्या फोटोखाली, जी पिवळी पावत्यांची चळत सुतळीने बांधून ठेवली आहे ती साधी चळत नव्हे.

आई मोठी व्यवहारी आहे. स्वतःच्या मरणाबद्दल ती गॅसचा सिलिंडर लावावा तशा सुरात बोलते. "माझ्यामागं वारस म्हणून तुला मिळेलच. पण भांडत कशाला बसायचं? रेशनकार्डावर नाव चढव, आधारवरचा पत्ता इकडचा कर. म्हणजे तू माझ्याबरोबर राहत होतीस हे कागदावर आलं." ओळखीच्या वकिलांना विचारले. ते म्हणाले, "आई सांगतात ते बरोबर आहे. पण नुसत्या कागदांनी भागत नाही हो. शेजारी काय सांगतात तेही विचारलं जातं." 'ह्यां'ना विचारले. ते म्हणाले, "तू राहतेस ना तिथं? मग यात खोटं काय आहे?"

खोटे काही नाही. पण नव्या कराराची सही करताना मी डोंबिवलीचा पत्ताही 'राहण्याचा' म्हणूनच लिहिते आहे. आमच्या चाळीत एका गृहस्थांची खोली आहे. त्यांचा मुलुंडला स्वतःचा प्रशस्त गाळा आहे. सहा महिने जागा विनाकारण बंद राहिली तर मालकाला ती परत मागता येते, म्हणून ते गणपतीत येऊन दिवा लावतात आणि पुन्हा होळीला येऊन दिवा लावतात. आम्ही लहानपणी त्यांना 'दिवेकाका' म्हणून चिडवत असू. आता अर्ज हातात घेतला की मला दिवेकाका आठवतात. कायदा त्यांना विचारत नाही की तुम्हाला गरज आहे का. मलाही विचारत नाही. तो पावती पाहतो, आणि पावतीवरची तारीख पाहतो. नालासोपाऱ्याच्या मुलाच्या आजोबांनी १९३८ साली गिरगावात खोली घेतली नाही, ही त्याची चूक.

आणि मालक? गोष्टीतला चाळमालक जाडजूड असतो आणि त्याच्या बोटांत अंगठ्या असतात. आमच्या मालकीणबाई ब्याऐंशी वर्षांच्या, अंगाने काटकुळ्या, तळमजल्यावर मागच्या खोलीत राहतात. त्यांच्या सासऱ्यांनी ही चाळ बांधली. चोवीस खोल्या, सगळ्यांचे भाडे मिळून महिना सात हजारांच्या आत. त्यातून पालिकेचा कर, जिन्यावरचा दिवा, झाडूवाला. त्यांचा नातू दहिसरला लीव्ह अँड लायसन्सवर राहतो आणि महिना २६,००० भरतो. चोवीस खोल्यांच्या घरातला मुलगा! स्वतःच्या गरजेसाठी मालकाला खोली मागता येते, कायद्यात तशी सोय आहे, पण बाई म्हणतात, "दावा लावला तर निकाल लागेतो नातवाला नातवंडं होतील."

१९८६ साली अशा चाळी मालकाकडून भाडेकरूंच्या संस्थेसाठी संपादन करण्याची तरतूद झाली होती. मोबदला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट. बाईंनी तेव्हाच कागदावर हिशेब मांडून ठेवला होता. आजच्या भाड्यानेही अख्ख्या चाळीचे सात लाख होत नाहीत. मुंबईच्या मालकांनी ते प्रकरण कोर्टात नेले आणि थेट नऊ न्यायमूर्तींपुढे जाऊन २०२४ च्या नोव्हेंबरात निकाल लागला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. बाईंना मी ती बातमी वाचून दाखवली. त्यांनी विचारले, "म्हणजे आता काय होईल?" मला सांगता आले नाही.

बाई आणि आई यांचे नाते मला कधी नीट कळलेले नाही. पन्नास वर्षे त्या एकमेकींना नावे ठेवीत आल्या आहेत. पाणी कोणी सांडले, नळ कोणी उघडा टाकला, गॅलरीत पापड कोणी वाळत घातले. तरी वडील गेले त्या रात्री बाईच वर येऊन बसल्या होत्या. पुढे तेरा दिवस त्यांनी खालून चहा पाठवला.

गेल्या पंधरवड्यात मी आईकडे होते. चकलीची भाजणी दळून आणली होती आणि आई पिठात तिखट किती घालायचे यावरून माझ्याशी वाद घालीत होती, तेवढ्यात बाई भाड्यासाठी वर आल्या. पूर्वी गुमास्ता येई. आता त्याला परवडत नाही आणि त्यांनाही. दारातल्या स्टुलावर बसून धापा टाकल्या, मग मला म्हणाल्या, "तू रेशनकार्डावर नाव घालणार आहेस म्हणे."

चाळीत गोष्ट लपत नाही. मी म्हटले, "अजून घातलं नाही, काकू."

"घाल. मी काही आड येणार नाही. तुझा बाप माझ्या अंगाखांद्यावर नाही वाढला, पण तू वाढलीस. फक्त एक सांग. तू राहतेस का गं इथं?"

"आठवड्यातल्या तीन रात्री."

"म्हणजे चार रात्री खोली तुझ्या आईची, तीन तुझी," त्या म्हणाल्या. "माझी केव्हा?"

आईने चकलीच्या पिठातून हात काढला. मला वाटले, आता पन्नास वर्षांचे भांडण नव्याने पेटणार. पण आई काही बोलली नाही. बाईही रागाने बोलल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच हिशेब हवा होता, आणि तो माझ्याजवळ नव्हता. नव्या इमारतीत त्यांनाही काही मिळेल, बिल्डर काही देईल, असे मी पुटपुटले. "देईल," त्या म्हणाल्या. "पण तोवर पोरगा सव्वीस हजार भरतोच आहे की. तूही भरतेसच." मी आकडा सुधारला नाही. एकवीस काय आणि सव्वीस काय.

'ह्यां'चे म्हणणे आहे की मी उगीच जिवाला लावून घेते. कायद्याने दिलेले घेण्यात लाज कसली? शिवाय लेकीचा विचार करायचा की नाही? विचार करते, म्हणून तर अर्ज आणला. तो भरून, फोटो चिकटवून पर्समध्ये ठेवला आहे. रेशनच्या कचेरीवरून रोज जाते. एकदा आतही गेले, रांगेत उभी राहिले आणि तासाला उशीर होतो म्हणून बाहेर आले. त्या दिवशी माझा तास दुपारी होता.

नालासोपाऱ्याचा तो मुलगा सप्टेंबरात आठवडाभर आला नाही. मला वाटले, तब्येत असेल. आला तेव्हा म्हणाला, "घर बदललं, मॅडम. आता विरारला." चाळीचे प्रकरण तोवर संपले होते, आम्ही पुढच्या पुस्तकावर गेलो होतो. राहिलेल्या टिपणांच्या छायाप्रती त्याने माझ्याकडून घेतल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

त्या संध्याकाळी आईने हात धुतले आणि पेटीतून पाकीट काढून बाईंना तीनशे रुपये दिले. बाईंनी पदराच्या गाठीतून दहाची नोट काढली, मग दोन दोनची दोन नाणी. "राहू द्या, पुढच्या महिन्यात बघू," आई म्हणाली. "पुढच्या महिन्याचं पुढच्या महिन्यात," बाई म्हणाल्या आणि त्यांनी ते पैसे स्टुलावर मोजून ठेवले. मग पावतीपुस्तक मांडीवर घेतले, चष्मा नाकावर सारला आणि मला हाक मारली. "जरा लिही गं माझ्याऐवजी. हात थरथरतो हल्ली. नाव आईचंच घाल."

मी लिहिली. तारीख, महिना, खोली नंबर, २८६ रुपये फक्त. खाली त्यांनी सही केली. आईने पहिल्या घाण्यातल्या चार चकल्या कागदात बांधून त्यांच्या हाती दिल्या. त्यांनी एक मोडून पाहिली आणि तिखट कमी पडले आहे असे सांगून त्या कठडा धरून जिना उतरू लागल्या.